सीडीत ठेवलेले दप्तर

२०२३ च्या पावसाळ्यात पूर्व किनाऱ्यावरील एका केंद्रीय कार्यालयाच्या वार्षिक तपासणीसाठी गेलो होतो. कार्यालय माझ्या परिचयाचे होते. अठरा वर्षांपूर्वी तेथेच मी कार्यालयप्रमुख म्हणून काम केले होते. तपासणीच्या दुसऱ्या दिवशी एक वृद्ध विधवा नातवाला बरोबर घेऊन भेटायला आली. ती तेलुगूत सांगत होती आणि नातू ते हिंदीत समजावून देत होता. तिच्या पतीने १९८० च्या दशकात या कार्यालयात काही वर्षे रोजंदारीवर काम केले, पुढे तो नियमित सेवेत आला, निवृत्त झाला आणि वारला. रोजंदारीच्या सेवेचा काही भाग नियमानुसार निवृत्तिवेतनासाठी धरता येतो. तो धरला गेला नव्हता, म्हणून तिचे कुटुंब निवृत्तिवेतनही कमी बसले होते. पुरावा म्हणून त्या वर्षांचे हजेरीपट हवे होते.

हजेरीपटांचे काय झाले हे त्या कार्यालयात माझ्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते. २००५ साली मार्चअखेर शिल्लक राहिलेल्या निधीतून मीच त्यांचे स्कॅनिंग करून घेतले होते. शंभरावर सीडी तयार झाल्या. सावधगिरी म्हणून दोन संच केले आणि दोन्ही एकाच कपाटात ठेवले. त्यानंतर मुदत संपलेले मूळ कागद रीतसर आदेश काढून नष्ट केले. अभिलेखकक्षातील दोन भिंती मोकळ्या झाल्या, वार्षिक अहवालात दोन ओळी आल्या, वरिष्ठांनी पाठ थोपटली.

कपाट उघडले. खोके जागेवर होते. आता अडचण अशी की कार्यालयातील एकाही संगणकाला सीडी घालण्याची सोय उरली नव्हती. एका कर्मचाऱ्याने गावातून बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणला. पहिली सीडी उघडली. दुसरीत फायलींची यादी दिसली, पण फायली उघडेनात. तिसरी नुसतीच घरघरत राहिली. आम्हाला हव्या असलेल्या वर्षाची सीडी खिडकीतल्या उजेडासमोर धरली, तर तिच्यातून सुईच्या टोकाएवढे प्रकाशाचे ठिपके आरपार दिसत होते. तिच्यावर चिकटवलेली कागदी चिठ्ठी दमटपणाने सुटत आली होती आणि सुटताना खालचा चंदेरी पापुद्रा घेऊन येत होती. दुसऱ्या संचातील त्याच वर्षाची सीडी त्याच कंपनीची, त्याच खेपेतली आणि त्याच कपाटातली. तिची अवस्था निराळी असण्याचे कारणच नव्हते.

या घटनेनंतर मी या विषयाचा थोडा अभ्यास केला. त्यातून जे समजले ते प्रशासनातील मंडळींना, आणि घरात जुन्या सीडींचा साठा असलेल्या प्रत्येकालाच, उपयोगी पडेल असे वाटते.

सोनी आणि फिलिप्स या दोन कंपन्यांनी विकसित केलेली सीडी १९८२ मध्ये बाजारात आली, तेव्हा ती जवळजवळ अक्षय आहे अशी तिची प्रसिद्धी झाली. तबकडीला सुई घासत नाही, केवळ प्रकाशाचा किरण स्पर्श करतो, मग ती झिजणार कशाने, असा तो युक्तिवाद होता. तो खरा होता, पण अपुरा होता. सीडी वापराने झिजत नसली तरी कपाटात नुसती ठेवून खराब होते, आणि त्याचे कारण तिच्या रचनेत आहे. सुमारे १.२ मिलिमीटर जाडीच्या पारदर्शक पॉलिकार्बोनेटच्या चकतीवर प्रकाश परावर्तित करणारा धातूचा अत्यंत पातळ थर असतो, त्यावर लाखेसारखे संरक्षक लेपन असते आणि त्यावर छपाई. आपण खालची चकचकीत बाजू जिवापाड जपतो. पण माहिती असते वरच्या छापील बाजूला लागून. खालून ओरखडा पडला तर मध्ये जाड प्लास्टिक आहे. वरून मात्र केवळ त्या लेपनाचे कवच आहे. त्यात सूक्ष्म छिद्र राहिले किंवा कडेने दमट हवा आत शिरली, की ॲल्युमिनियमचे ऑक्सिडीकरण सुरू होते. जेथे धातू गंजला तेथे परावर्तन थांबले, आणि परावर्तन थांबले तेथे माहिती संपली.

हे झाले कारखान्यात ठसे उमटवून काढलेल्या सीडीचे. कार्यालयांनी वापरल्या त्या ‘सीडी-आर’, म्हणजे आपल्या संगणकावर एकदा लिहिता येणाऱ्या. त्यांची प्रकृती याहून नाजूक. त्यांत माहिती धातूत नसून एका सेंद्रिय रंगद्रव्याच्या थरात असते. लेसरने ते द्रव्य ठिकठिकाणी बदलते आणि तेच लेखन. कापडाचा रंग उन्हात उडतो, तसेच हे रंगद्रव्यही प्रकाशाने व उष्णतेने बिघडते. त्यामागचा परावर्तक थर बहुधा चांदीचा असतो आणि हवेतील गंधकामुळे चांदी काळवंडते हे आपल्या प्रत्येक देवघरात दिसते. सोन्याचा थर असलेल्या सीडी टिकाऊ असत, पण महाग असत.

अमेरिकेच्या ‘निस्ट’ या राष्ट्रीय मानक संस्थेने २००३ मध्ये ग्रंथपाल व अभिलेखपालांसाठी एक मार्गदर्शिका काढली. शिफारशीप्रमाणे साठवण केल्यास सीडी-आर शंभर ते दोनशे वर्षे टिकावी, असे चाचण्या घेणाऱ्या उत्पादकांचे मत तीत नोंदले आहे. आता ती साठवण पाहा: तापमान ४ ते २० अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता २० ते ५० टक्के. आपल्या किनारपट्टीवरील कोणत्या अभिलेखकक्षात जुलै महिन्यात ही स्थिती असते? म्हणजे शंभर वर्षांचे आश्वासन खोटे नव्हते, ते दुसऱ्याच खोलीसाठी दिलेले होते.

तिकडेही सारे सुरळीत होते असे नाही. १९८८ ते १९९३ या काळात इंग्लंडमधील ब्लॅकबर्न येथील पीडीओ कारखान्यात निघालेल्या अनेक संगीत-सीडी कडेपासून तांबूस होत गेल्या. वरचे लेपन वेष्टनाच्या कागदातील गंधकाला अडवू शकले नव्हते. २००१ मध्ये स्पेनच्या शास्त्रज्ञांनी मध्य अमेरिकेतील बेलीझ या उष्ण व दमट देशातून आलेल्या सीडीवर एक बुरशी दाखवून दिली. ती कडेने आत शिरून प्लास्टिक आणि ॲल्युमिनियम दोन्ही पोखरत होती. बेलीझचे हवामान आणि आपल्या कोकणाचे, केरळचे किंवा आंध्र किनाऱ्याचे हवामान यांत फार अंतर नाही.

दुसरी बाजूही नमूद केली पाहिजे. सगळ्याच सीडी मरतात असे नाही. १९८० च्या दशकातील कित्येक संगीत-सीडी आजही उत्तम वाजतात. बनावट, साठवण आणि नशीब यांप्रमाणे आयुष्य बदलते. प्रशासकाच्या दृष्टीने अडचण नेमकी येथेच आहे. कोणती सीडी किती जगेल हे बाहेरून पाहून सांगता येत नाही आणि ती आजारी आहे हे ती स्वतः कळू देत नाही.

हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सीडीवरील लेखनात चुका दुरुस्त करण्याची एक गणिती योजना गुंफलेली असते. तिचा पाया रीड आणि सॉलोमन या दोन गणितज्ञांनी १९६० मध्ये घातला. माहितीबरोबर काही जादा अंक अशा रीतीने विखरून लिहिलेले असतात, की सुमारे अडीच मिलिमीटर लांबीचा सलग तुकडा नाहीसा झाला तरी यंत्र तो भरून काढते. योजना विलक्षण आहे, पण तिचा एक परिणाम असा की सीडी आतून कुजत असतानाही वाचणाऱ्याला शेवटपर्यंत निर्दोष मजकूर मिळत राहतो. दुरुस्तीची मर्यादा ओलांडली गेली, की मात्र एकाएकी अख्खी फाईल जाते. कागदाचे तसे नाही. वाळवी लागली की भुसा दिसतो, शाई उडू लागली की अक्षरे फिकट होतात, कोपरा तुटला तरी उरलेले पान वाचता येते. कागद मरण्यापूर्वी नोटीस देतो. सीडी देत नाही. म्हणूनच जिला मुद्दाम, ठरावीक काळाने उघडून पाहावेच लागते अशी वस्तू आपण ‘एकदा ठेवली की चिंता मिटली’ या समजुतीने कपाटात बंद केली.

आणि सीडी शाबूत राहिली तरी ती वाचणारे यंत्र राहील याची हमी कोठे आहे? इंग्लंडमध्ये १०८६ साली झालेल्या जमीन-पाहणीचे ‘डूम्सडे बुक’ आजही वाचता येते. त्याच्या नवशताब्दीनिमित्त १९८६ मध्ये बीबीसीने तसाच एक प्रकल्प लेसर तबकड्यांवर केला. अवघ्या पंधरा-सोळा वर्षांत त्या वाचणारी यंत्रे दुर्मिळ झाली आणि २००२ मध्ये संशोधकांना त्यांतील मजकूर सोडवून घेण्यासाठी वेगळी मोहीम काढावी लागली. आपल्याला याचे आश्चर्य वाटू नये. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील रुमाल आणि तंजावरच्या भोसले राजांचे मोडी कागद शाबूत आहेत, पण मोडी सफाईने वाचणारी माणसे किती उरली? वस्तू टिकणे आणि वाचता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोडी निदान शिकून घेता येते. बंद झालेल्या बनावटीचे यंत्र शिकून मिळत नाही.

आता कायद्याकडे पाहू. सार्वजनिक अभिलेख अधिनियम, १९९३ मध्ये संगणकाने निर्माण केलेल्या साहित्याचाही ‘सार्वजनिक अभिलेखा’त समावेश आहे. प्रत्येक कार्यालयाने अभिलेख अधिकारी नेमावा आणि त्याने जतनाची व्यवस्था पाहावी असे हा कायदा सांगतो. विहित रीत सोडून अभिलेख नष्ट केल्यास पाच वर्षांपर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षाही आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ७ नुसार इलेक्ट्रॉनिक स्वरूपात ठेवलेली माहिती पुढे संदर्भासाठी वापरता येईल अशी उपलब्ध राहिली पाहिजे. शब्द चांगले आहेत. परंतु व्यवहारात कायद्याच्या डोळ्यांपुढे येते ती कृती: कोणी कागद फाडला, जाळला, रद्दीत विकला. काहीच न करता, कपाट अठरा वर्षे न उघडता जो नाश होतो, त्याचा पंचनामा कोणी करत नाही. हजेरीपट आदेशाविना जाळले असते तर मला उत्तर द्यावे लागले असते. सीडी कुजू दिल्या याबद्दल मला आजवर कोणी साधे पत्र लिहिलेले नाही.

न्यायालयांतही हा प्रश्न येणार आहे. जालना मतदारसंघातील २०१४ च्या निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत दाखल झाले की नाही, याचा पुरावा म्हणून निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रीकरणाच्या सीडी पुढे आल्या. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि जुलै २०२० मध्ये निकाल लागला, की मूळ उपकरण हजर केलेले नसेल तर अशा पुराव्यासोबत विहित प्रमाणपत्र आवश्यक आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात हे प्रमाणपत्र अधिक काटेकोर झाले आहे. सर्व चर्चा प्रमाणपत्राची झाली. पण प्रमाणपत्र कागदावर व्यवस्थित राहिले आणि ते ज्या तबकडीविषयी आहे ती अपिलाच्या सुनावणीपर्यंत उघडेनाशी झाली, तर काय करायचे?

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला या साऱ्यामागे दोन जुनी सूत्रे दिसतात. पहिले जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये मांडले: खरेदीदाराला मालाची प्रत ओळखता येत नसेल तर बाजारात निकृष्ट माल उत्तम मालाला हुसकावून लावतो. सोन्याच्या थराची सीडी आणि स्वस्तातली सीडी खरेदीच्या दिवशी सारखीच चालते. फरक दिसायला दहा वर्षे लागतात. आमच्या निविदेत ‘सीडी, क्षमता ७०० एमबी’ एवढेच वर्णन होते. सर्वांत कमी दर स्वीकारला. म्हणजे निकृष्ट माल कोणी आमच्या गळ्यात मारला असे म्हणता येत नाही. आम्ही नियमाने तोच मागवला.

दुसरे सूत्र भांडवली आणि आवर्ती खर्चाचे. स्कॅनिंगला निधी मिळतो, कारण त्यात उद्घाटन आहे, छायाचित्र आहे, मार्चअखेर खर्ची टाकता येण्याजोगा आकडा आहे. दर पाच वर्षांनी जुन्या प्रती नव्या माध्यमावर उतरवायला निधी मिळत नाही, कारण त्यात दाखवण्यासारखे काही नाही. धरण बांधायचे आणि कालव्याच्या दुरुस्तीला पैसे ठेवायचे नाहीत, त्यातलाच हा प्रकार. आमच्या कार्यालयात तर गंमत अशी होती, की संगणक जडवस्तू नोंदवहीत होता, कोऱ्या सीडी लेखनसामग्रीच्या नोंदवहीत होत्या, पण त्यांत लिहिलेले हजेरीपट मूळ कागद गेल्यानंतर कोणत्याच नोंदवहीत नव्हते. जे नोंदवहीत नाही ते पदभार सोडताना कोणी कोणाच्या हाती देत नाही. माझ्यानंतर तेथे आलेल्या कार्यालयप्रमुखांना त्या खोक्यात काय आहे हे माहीत असण्याचे कारण नव्हते.

मग उपाय कोणता? अधिक टिकाऊ तबकडी शोधत बसणे हा मला खरा उपाय वाटत नाही. पेन ड्राइव्ह, हार्ड डिस्क, दूरच्या सर्व्हरवरील भाड्याची जागा, यांपैकी काहीही अक्षय नाही. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये सांगितली गेली. त्या वेळची प्रत आज नाही. तरी ग्रंथ आहे, कारण तो पिढ्यान् पिढ्या उतरवला गेला. आणि उतरवताना पाठ बिघडत गेले तेव्हा शके १५०६ मध्ये एकनाथांनी अनेक प्रती ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली. नक्कल करणे आणि नक्कल ताडणे या दोन कामांनी ग्रंथ वाचला, कागदाच्या गुणाने नव्हे. आजच्या काळातही हेच दिसते. २००१ च्या जनगणनेची कोष्टके आणि राष्ट्रीय नमुना पाहणीची आकडेवारी एके काळी सीडीवर मिळत असे. माझ्याजवळच्या काही सीडी आता चालत नाहीत, पण माझे अडत नाही. ती आकडेवारी पुढच्या माध्यमावर नेली गेली म्हणून आज ती महाजालावर उपलब्ध आहे.

तेव्हा माझ्या सूचना साध्या आहेत. प्रत्येक कार्यालयाने याच वर्षी आपल्याकडील सीडी व डीव्हीडी मोजून त्यांची वर्षवार यादी करावी. निवृत्तिवेतन, जमीन, सेवापुस्तके आणि न्यायप्रविष्ट प्रकरणे, म्हणजे ज्यांवर कोणाचा तरी हक्क अवलंबून आहे ते अभिलेख सर्वप्रथम नव्या माध्यमावर उतरवावेत. किमान तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर असाव्यात आणि एक तरी दुसऱ्या गावी असावी. प्रत्येक फाईलचा ‘हॅश’, म्हणजे मजकुरातून गणिताने काढलेला अंकीय ठसा, नोंदवून ठेवावा. एक अक्षर बदलले तरी तो ठसा बदलतो, त्यामुळे दरवर्षी ठसे ताडले की बिघाड वेळीच कळतो. नव्या साक्ष्य अधिनियमातील प्रमाणपत्रातही हा ठसा द्यावा लागतो, तेव्हा हे काम तसेही करावेच लागणार आहे. या कामासाठी आवर्ती तरतूद हवी, रक्कम लहान असली तरी चालेल. पदभार हस्तांतरणाच्या नमुन्यात ‘इलेक्ट्रॉनिक अभिलेख शेवटचे कधी उघडून पाहिले’ असा एक रकाना हवा. आणि व्यक्तीच्या हक्काशी संबंधित मूळ कागद, केवळ स्कॅनिंग झाले या कारणाने, त्या व्यक्तीच्या व तिच्या वारसांच्या हयातीत नष्ट करू नयेत. जागा अडते हे खरे आहे. पण ती जागा कशासाठी अडते याचाही हिशेब मांडला पाहिजे.

मी संगणकीकरणाच्या विरोधात नाही. ज्याने कापडी बासनांतून एक नस्ती शोधण्यात दोन-दोन दिवस घालवले आहेत तो विरोधात असूच शकत नाही. माझे म्हणणे एवढेच, की जतन ही एकदा करून टाकण्याची खरेदी नव्हे. ते देवघरातल्या दिव्यासारखे रोजचे, निदान दरवर्षीचे काम आहे. त्याला माणूस नेमावा लागतो.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकांना एक घरगुती विनंती. बदलीच्या गावी, परदेशी जाताना आपण नाट्यगीतांच्या, कीर्तनांच्या, घरच्या लग्नमुंजींच्या सीडी बरोबर नेल्या. आजीच्या आवाजातील ओव्या कोणी सीडीवर उतरवून ठेवल्या असतील. कंपनीने काढलेली गाणी पुन्हा मिळतील. आजीचा आवाज पुन्हा मिळणार नाही. येत्या सुटीत तो खोका उघडा.

त्या बाईंच्या प्रकरणाचे काय झाले ते सांगायला हवे. जुनी बँक-पुस्तिका, दोन हयात सहकाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे आणि एका वेतन-नोंदवहीतील काही पाने एवढ्या आधारावर त्या सेवेचा बराचसा भाग मान्य झाला. सगळा नाही. त्याला चौदा महिने लागले. हजेरीपट असते तर ते काम एका आठवड्याचे होते.

या शोधाशोधीत २००५ ची ती नस्तीही सापडली. तीतील टिपणी कागदावर होती आणि कागद उत्तम स्थितीत होता. ‘सर्व सीडी तपासून पाहिल्या. मूळ अभिलेख नष्ट करण्यास हरकत नाही.’ खाली माझी सही स्पष्ट दिसत होती.